घरी येऊन स्तनपानाचा सल्ला देणाऱ्या ताई, इचलकरंजी : पाचपैकी चार

आधी पैशांचं सांगते, कारण आमच्या गल्लीत पहिला प्रश्न तोच आला. तीन भेटींचे अडीच हजार. पहिली भेट दीड तासाची, पुढच्या पाऊण-पाऊण तासाच्या, आणि मधल्या काळात फोनवर शंका विचारायची मुभा. "अंगावर पाजायला शिकायचे अडीच हजार? आमची चार वाढली की फुकटात," असं सासूबाई म्हणाल्या. चुकीचं काही नव्हतं त्यात. पण मोठ्याच्या वेळी दुसऱ्या महिन्यातच पावडरच्या दुधाचा डबा सुरू झाला होता, आणि तो दर आठवड्याला संपतो हे घरात सगळ्यात जास्त मलाच ठाऊक आहे. मी पतसंस्थेत क्लार्क आहे, हिशोब माझ्याकडेच असतो.

ज्या खासगी दवाखान्यात माझं सिझर झालं त्याचं नाव लिहीत नाही. बाळ निरीक्षणाखाली म्हणून वेगळं ठेवलं, माझ्याकडे आणलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. तोवर सिस्टरनी "अजून दूध उतरलं नाही यांना" असं जाहीर करून वाटी-चमच्यानं पावडरचं दूध पाजलंही होतं. घरी सोडताना दिलेल्या कागदावर औषधांच्या खाली त्या पावडरीचं नाव, कंपनीसकट. माझ्या आईच्या दृष्टीनं तिथेच विषय मिटला. डॉक्टरनं लिहून दिलंय म्हणजे पोरीला दूध नाही.

ताई आल्या त्या आठव्या दिवशी. मला वाटलं होतं पिशवीतून पंप निघेल, वजनकाटा निघेल. काहीच नाही. हात धुतले, चहा नको म्हणाल्या, आणि "तुम्ही एरवी पाजता तसं पाजा, मी नुसती बघते" असं म्हणून भिंतीला टेकून खाली बसल्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं, मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "बाळ फक्त बोंडावर लटकतंय, म्हणून तुम्हाला दुखतंय आणि त्याला मिळत नाही." बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणायचं, तोंड जांभईएवढं उघडेपर्यंत थांबायचं, मग हनुवटी आधी टेकवून जवळ घ्यायचं, म्हणजे भोवतीचा काळा भागही तोंडात जातो. टाक्यांवर भार नको म्हणून बाळाला बगलेखालून धरायला शिकवलं, पाय माझ्या पाठीकडे. त्या दिवशी पहिल्यांदा मला बाळ गिळतंय हे कळलं. आधी भराभर ओढतं, मग संथ होतं, हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते, तो घोट. कुणी दाखवेपर्यंत हे दिसत नाही.

इथपर्यंतचं काम कुठलीही शिकलेली सल्लागार करील. मी चार तारे देते ते पुढच्यासाठी.

बाळाला पाजणार कोण? आई. पण पाजायचं की नाही हे ठरवणारे निदान सहाजण असतात, आणि ताईंना हे पक्कं माहीत होतं. माझ्याशी बोलणं झाल्यावर त्या उठल्या आणि थेट स्वयंपाकघरात आईकडे गेल्या. आई अळीव भिजत घालत होती. "काकू, अळीव, डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, सगळं द्या. बाळंतिणीला भूक असते. पण दूध वाढतं ते बाळ ओढतं म्हणून. वरचं एक वाटी गेलं की बाळ तेवढं कमी ओढणार, आणि उद्या तेवढंच कमी येणार." आईचा मुद्दा साधा होता, आणि गल्लीतल्या प्रत्येक आजीचा तोच असतो. "पोरगं रडतंय न्हवं? मग भुकेलंच की." त्यावर ताईंनी वाद घातलाच नाही. तिला काम दिलं. चोवीस तासांत किती लंगोट ओले झाले ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारून ठेवायचे. पहिल्या आठवड्यानंतर सहा किंवा जास्त रेघा असतील आणि वजन चढत असेल तर बाळाला पुरतंय, रडू दे किती रडायचंय ते. जन्मानंतरच्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, दहा टक्क्यांच्या आत असेल तर घाबरायचं नाही, दोन आठवड्यांत भरून आलं पाहिजे. आईचं शिक्षण चौथीपर्यंत, पण रेघा तिनं अशा काटेकोर मारल्या की आमच्या संस्थेच्या ऑडिटरनं बघाव्यात. आणि कुणी भेटायला येऊन "दूध पुरतंय का गं?" म्हटलं की कॅलेंडर दाखवायला तीच पुढे.

सासूबाईंचा प्रश्न वेगळा. त्यांच्या काळात पहिले तीन दिवस चीक पिळून टाकायचे आणि बाळाला मध चाटवायचे. माझ्या बाळाच्या बाबतीत ती वेळ टळून गेली होती, पण लवकरच दुसऱ्या जावेचं बाळंतपण होतं, म्हणून ताईंनी तो विषय मुद्दाम काढला. "मावशी, गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण वाट्या भरभरून खातो, आणि पोराच्या आईचा चीक टाकून द्यायचा?" सासूबाई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "खरवसात गूळ असतोय." पण जावेच्या वेळी मध निघाला नाही, हे मी लिहून ठेवते. बाळगुटीवर मात्र त्या अडल्या. हळकुंड, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, सहाण धुऊन तयार होती. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, उन्हाळ्यात पाणीसुद्धा नको, या वाक्यावर घरात सगळ्यात जास्त आवाज चढले. ताईंनी सहा महिन्यांची तारीख काढून दिली आणि तोवर सहाण वर ठेवा म्हणाल्या. ती माळ्यावर गेली. गेली ती स्वखुशीनं असं मी म्हणणार नाही.

दवाखान्याच्या त्या कागदाबद्दल ताई सावकाश बोलल्या. आपल्याकडे १९९२ पासून कायदा आहे. बाळाच्या पावडरीची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापता येत नाही. डॉक्टरांना गरज वाटली तर ते पावडर लिहून देऊ शकतात, त्याला कुणाची ना नाही. पण माझ्या बाबतीत गरज होती का, हे एकदाही पाजताना न बघता ठरवलं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसतं, आणि जन्मल्यावर तासाभरात अंगावर घेतलेली बाळं मात्र ४१.८ टक्के. म्हणजे बाई दवाखान्यापर्यंत पोचते, बाळ तिच्या छातीपर्यंत पोचत नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात याच दवाखान्यांच्या दारावर स्तनपान सप्ताहाचे फ्लेक्स लागतात, ते फ्लेक्स मी आता जरा वेगळ्या नजरेनं बघते.

दुसऱ्या भेटीला खोली भरलेली होती. वरच्या मजल्यावरच्या वहिनी, शेजारच्या शिक्षिका, समोरच्यांची सून. पैसे माझ्या भेटीचे, पण ताईंनी कुणाला उठवलं नाही. वहिनी यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरतात. कामगार सहा-सात, मालक शेडच्या मागेच राहतो. मातृत्व रजेचा कायदा एवढ्या लहान कारखान्याला लागत नाही, तेव्हा सव्वीस आठवडे वगैरे त्यांच्या कानावरून गेले. त्या महिन्याभरात कामावर गेल्या. तरी बाळ पूर्ण अंगावर, कारण डबा परवडत नाही आणि घर कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. शिक्षिकाबाईंकडे पैसा आहे, शिक्षण आहे, शाळेची नोकरी आहे, आणि बाळ बाटलीवर. शाळा रजा देते ती तोंडदेखली, कंत्राटाचं नूतनीकरण जूनमध्ये. दोघींना एका खोलीत बघितल्यावर "शिकलेल्या बायका पाजत नाहीत" असं सरसकट बोलणाऱ्यांचं तोंड मला बंद करावंसं वाटलं. कामाची जागा किती लांब आणि कामावरचा माणूस कसा, यावर जास्त अवलंबून आहे. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. हंगामात तिथे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाच्या कडेला झोळी आणि झोळीत बाळ. ती बाई पाजते, पण मोळी बांधून होईल तेव्हा.

त्याच दुसऱ्या भेटीत ताईंनी पंप घेऊ नका असं सांगितलं. हातानं दूध कसं काढायचं ते दाखवलं. अंगठा आणि बोटं काळ्या भागाच्या थोडी मागे ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं, मग जवळ आणायची, पुढे ओढायचं नाही. काढलेलं दूध स्वच्छ स्टीलच्या भांड्यात, बाहेर चार तास, आपल्या मे महिन्यात त्याहून कमीच धरा, फ्रीजमध्ये चार दिवस. पाजायला बाटली नको, वाटी-चमचा किंवा घरात जुनं बोंडलं, म्हणजे चोचीची वाटी, असेल तर ते. आईकडे होतं, चांदीचं. शिक्षिकाबाईंना पावडर बंद करा असं त्यांनी म्हटलं नाही, डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला म्हणाल्या, पुरवठ्याला यावं म्हणून पातळ करू नका. हे मला आवडलं. समोरच्या सुनेला ताप होता आणि एका बाजूला लाल गाठ. त्यावर उपाय न सांगता "आज संध्याकाळी डॉक्टरला दाखवा, आणि त्या बाजूनं पाजणं थांबवू नका" इतकंच सांगितलं. आपलं काम कुठे संपतं हे कळणारी माणसं कमी.

माझ्या साहेबांसाठी त्यांनी एका कागदावर लिहून दिलं की बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजायची सुट्टी कायद्यानं मिळते, १९६१ च्या कायद्यापासून. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि रेकॉर्ड रूमची किल्ली दिली. आत कडी आहे, पंखा आहे, जुन्या लेजरांचा वास आहे. चालतं.

आता कुठे कमी पडल्या. तिसरी भेट घरी यायची ठरलेली, ती व्हिडिओ कॉलवर झाली. पैसे पूर्ण घेतले. पाजण्याचा प्रश्न फोनच्या कॅमेऱ्यातून सोडवणं म्हणजे एका हातात बाळ, दुसऱ्यात मोबाईल, आणि मध्येच दीर खोलीत. फोनवर शंका विचारायची मुभा आहे, पण उत्तर सकाळी येतं, आणि या शंका रात्री अडीचलाच पडतात. दिलेल्या पुस्तिकेत सगळ्या बाया सोफ्यावर, गाऊन घालून, पायाखाली स्टूल. आमच्याकडे बाळंतीण जमिनीवर भिंतीला टेकून बसते, अंगावर पुढून हुकांचा ब्लाऊज. ताईंना प्रत्यक्षात हे माहीत आहे, कागदावर का नाही? नवऱ्याला बोलवा असं त्यांनी एकदा म्हटलं, तो सायझिंगच्या कारखान्यातून आला नाही तर विषय सोडून दिला. आईसाठी जेवढा वेळ काढला त्याच्या निम्मा त्याच्यासाठी काढला असता तर रात्रीचे लंगोट बदलायला मला हाक मारावी लागली नसती.

ताईंना बोलवायच्या आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. आशाताईंची सेवा फुकट आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर बाळाला बघायला त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. माझ्या भावजयीकडे गावात आलेल्या आशाताई पाजताना बसून बघायच्या, वजन घ्यायच्या आणि सासूला दमही द्यायच्या. तुमच्या भागातल्या तशा असतील तर अडीच हजार वाचवा.

ज्यांचं सिझर ठरलेलं आहे किंवा पहिल्या वेळी जमलं नव्हतं त्यांनी आठव्या महिन्यातच ताईंना बोलवावं, आणि त्या वेळी आई, सासू, नवरा तिघंही घरात असतील असा दिवस धरावा. तिन्ही भेटी घरीच हव्यात असं आधी ठरवून घ्या. पैसे पहिल्या भेटीलाच मागतात, पावती मागितली तर मिळते.