कुरसुरा पाणबुडी संग्रहालय, विशाखापट्टणम : डोकं वाकवून आत शिरा, घाई करू नका

माझगाव डॉकमध्ये मी 37 वर्षं वेल्डर होतो. ‘शाल्की’ आणि ‘शंकुल’ या पाणबुड्यांच्या प्रेशर हलवर, म्हणजे पाण्याचा दाब सोसणाऱ्या पोलादी कवचावर, माझ्या हातचे जोड आहेत. एकेका जोडाचा एक्स-रे निघायचा, आणि फिल्मवर केसाएवढी रेघ दिसली तरी जोड खरवडून पुन्हा भरायचा. पण आमच्याकडून बोट जायची ती नवीकोरी. माणसं वर्षानुवर्षं राहून गेलेली बोट आतून मी पाहिली ती निवृत्तीनंतर, विशाखापट्टणमला रामकृष्ण बीचवर.

‘कुरसुरा’ सोव्हिएत बनावटीची. 18 डिसेंबर 1969 ला रीगा इथे नौदलात आली, 1971 च्या युद्धात गस्तीवर होती, फेब्रुवारी 2001 मध्ये निवृत्त झाली आणि 2002 पासून वाळूवर उभी आहे. लांबी 91.3 मीटर. आत जायला बाजूने दार कापलंय. दारातून शिरताना मी कडेवर हात ठेवून थांबलो. मागचे लोक खोळंबले, पण मला पुढे जाववेना. एवढ्याच पोलादाच्या भरवशावर ही माणसं 31 वर्षं खोल पाण्यात उतरत होती.

आत सात कप्पे आहेत. पुढच्या टॉर्पेडोंपाशी सगळे फोटो काढतात. काढा, पण खरी बोट त्यानंतरच्या कप्प्यांत आहे. 75 माणसं इथे राहायची. बंक एवढे अरुंद की कूस बदलायची तरी जागा बघावी लागेल. स्वयंपाकाची जागा आमच्या चाळीतल्या मोरीहून लहान, आणि त्यातून सगळ्यांचं जेवण निघायचं. गाइड निवृत्त नौसैनिक आहेत. आमच्या गाइडना मी डॉकमधला म्हटल्यावर ते मला डिझेलच्या कप्प्यात घेऊन गेले आणि कुठलं इंजिन कशाला, ते हाताने दाखवत सांगू लागले. तीन डिझेल इंजिनं, तीन मोटारी, बोट ढकलणारे तीन पंखे.

तिथे नातवाने विचारलं, “आबा, पाण्याखाली इंजिनाला हवा कुठून?” मुलांना घेऊन जाल तर हा प्रश्न इथेच समजावून द्या, कारण सगळी गोम त्यातच आहे. पाण्याखाली बोट बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की वर येऊन, निदान हवेची नळी पाण्याबाहेर काढून, डिझेल चालवून ती भरावी लागते, आणि नेमकी तेव्हा बोट शत्रूला सहज सापडू शकते. अणुभट्टीला हवा लागत नाही. तिच्यावर चालणारी बोट आतला शिधा आणि माणसांचा दम टिकेल तोवर खालीच राहू शकते. त्यासाठीच आपण 1988 साली सोव्हिएत संघाकडून ‘चक्र’ ही अणुपाणबुडी तीन वर्षं भाड्याने आणून शिकलो. 26 जुलै 2009 ला आपल्या ‘अरिहंत’ या अणुपाणबुडीचं जलावतरण झालं ते याच शहरात. 29 ऑगस्ट 2024 ला तशीच ‘अरिघात’ही इथेच नौदलात दाखल झाली. त्या तुम्हा-आम्हाला बघायला मिळणार नाहीत, आणि मिळूही नयेत.

एक गोष्ट मनातून जात नाही. ‘शंकुल’ 1994 ला नौदलात गेली. त्यानंतर मुंबईत बांधलेली पुढची पाणबुडी, नवी ‘कलवरी’, आली 14 डिसेंबर 2017 ला. मधे 23 वर्षं. आमच्यातले कसलेले हात दुसऱ्या कामांना लागले, बरेचसे घरी गेले. ‘कलवरी’च्या वेळी नव्या पोरांना शिकवताना मला पदोपदी त्यांची आठवण यायची. हलचं वेल्डिंग कागदावरून येत नाही, शेजारी उभं राहूनच येतं. जानेवारी 2025 मध्ये ‘वागशीर’ आली आणि ‘कलवरी’च्या मालिकेतल्या सहा पाणबुड्या पुऱ्या झाल्या. आता पुन्हा तसा खंड पडू देऊ नका, एवढंच माझं मागणं आहे.

जाणाऱ्यांसाठी : कप्प्याकप्प्यांतली दारं गोल आहेत, पाय उचलून आणि डोकं वाकवून जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर सकाळीच, गर्दी नसताना जा. आमची मंडळी नऊवारी आवरून सातही कप्पे चालली, त्यामुळे घाबरू नका. बाहेर आल्यावर लगेच समोरचं विमान बघायला पळू नका. शेपटाकडे जाऊन खालून वर बघा. नातू तिथे हलला हात लावून उभा होता, आणि मी त्याला जोड कुठून कुठे जातो ते बोटाने दाखवत होतो.