कल्पनेतली हालचाल मेंदूत नेमकी कुठे घडते? ईईजी की एफएमआरआय

हात जराही हलवायचा नाही, फक्त मूठ आवळल्याची कल्पना करायची. तेवढ्यानेही मेंदूतलं हालचालींचं जाळं जागं होतं. मेंदू-संगणक जोडणीचा, म्हणजे मेंदूच्या संकेतांनी व्हीलचेअरसारखी यंत्रं चालवण्याच्या तंत्राचा, एक मोठा प्रवाह याच संकेतावर उभा आहे.

जागा अचूक हवी असेल तर एफएमआरआय, म्हणजे चुंबकाच्या मदतीने मेंदूचं काम टिपणारं स्कॅन, सरस. रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून ते २-३ मिलिमीटरपर्यंत क्षेत्र दाखवतं. पण रक्तप्रवाहाचा प्रतिसाद शिगेला पोहोचायला ५-६ सेकंद लागतात. शिवाय माणसाला अवजड चुंबकाच्या आत निश्चल पडून राहावं लागतं. व्हीलचेअर चालवायला हे उपयोगाचं नाही.

ईईजीची, म्हणजे टाळूवरच्या इलेक्ट्रोडनी मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी, टोपी मात्र कुठेही नेता येते आणि मिलिसेकंदांतले बदल टिपते. उजव्या हाताची कल्पना केली की डाव्या बाजूच्या सी३ इलेक्ट्रोडपाशी ८ ते १३ हर्ट्झची (सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांची) म्यू नावाची विद्युत लय क्षीण होते. डाव्या हातासाठी तेच उजवीकडे, सी४पाशी. पायांचं अवघड, कारण दोन्ही पायांची क्षेत्रं मेंदूच्या दोन अर्धांमधल्या खाचेत एकमेकांना लागून असतात. खरी अडचण कवटीची आहे. ती संकेत पसरवून टाकते, आणि टाळूवरच्या संकेतांच्या एकाच नकाशामागे आत अगणित स्रोत संभवतात. त्यातला एक निवडायला गणिताला गृहीतकं धरावीच लागतात.

मी रोजच्या वापरासाठी ईईजीच निवडेन. मात्र त्याच व्यक्तीच्या एमआरआयवरून डोक्याचं गणिती प्रतिरूप एकदा जरूर करून घ्यावं. स्रोताचा अंदाज त्याने बराच सुधारतो.