भिंतीवर सुखोई की छताला मिग?

ताईच्या मुलाची खोली दहा बाय नऊची. भिंतभर सुखोई या लढाऊ विमानाचा वॉलपेपर लावावा की छताला मिग-सुखोईसारख्या विमानांची छोटी मॉडेलं टांगावीत, यावर ती अडलीय.

वॉलपेपरचा खर्च एकरकमी, शिवाय कारागीर लागतो. ओल धरणाऱ्या भिंतीवर तो टिकत नाही. माझ्याकडे खिडकीखालची कड पहिल्याच श्रावणात सुटून वळली. मॉडेलं मात्र छोटी: १:७२ मापाचं, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं मिग-२१ जेमतेम वीतभर, सुखोई-३० फूटभर. जागा अजिबात खात नाहीत. फक्त पंख्यापासून लांब टांगा आणि धूळ मऊ ब्रशनेच झाडा, नाहीतर मिगच्या नाकावरची बारीक नळी मोडते. मॉडेलचे सुटे भाग चिकटवण्या-रंगवण्यात मुलाची अख्खी सुट्टी जाते, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. दोन्ही विमानं आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बनली, हे त्याला जरूर सांगा.

घर भाड्याचं आणि मूल हौशी असेल तर मॉडेलं. घर स्वतःचं, भिंत कोरडी आणि धूळ झाडायला वेळ नसेल, तर वॉलपेपर.