भाड्यासाठी घ्यायचं तर फ्लॅट की गाळा?

सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला एक वन बीएचके आणि कर्वेनगरात सव्वाशे फुटांचा गाळा, एवढीच माझी मिळकत. दोन्ही भाड्याने दिलेले. त्यामुळे ओळखीतलं कोणी ना कोणी वर्षातून दोनदा तरी विचारतंच, "तीस-पस्तीस लाख आहेत, कशात घालू?"

कागदावर फ्लॅट जिंकतो. घरासाठी बँक कर्ज सहज देते, गाळ्याला व्याज चढं आणि पदरचे पैसेही जास्त घालावे लागतात. गाळ्याचा मिळकतकर, वीजदर सगळं व्यापारी. (फ्लॅट भाड्याने दिला की पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के करसवलत जाते, हे मात्र हिशेबात कोणी धरत नाही.) भाड्यावरच्या प्राप्तिकरात दोघांत डावंउजवं नाही. भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट दोन्हीकडे मिळते.

भाडेकरू मिळण्यातही फ्लॅट पुढे. माझा फ्लॅट पंधरा-वीस दिवसांच्या वर कधी रिकामा राहिलेला नाही. गाळा एकदा सात महिने बंद होता. शटरवर 'भाड्याने देणे आहे' लिहिलेला कागद पावसात विरघळला, मग दुसरा लावला. २०२० मध्ये तर भाडं मागायचीच लाज वाटत होती. फक्त पेन्शनवर घर चालत असेल तर हे सात महिने फार जड जातात, ते लपवण्यात अर्थ नाही.

तरीही माझं मन फ्लॅटवरून उडालं ते नहाणी ट्रॅपपायी, म्हणजे बाथरूमच्या फरशीत पाणी वाहून जायला बसवलेल्या जाळीखालच्या भांड्यापायी.

बाथरूमचं पाणी खालच्या फ्लॅटच्या छताला झिरपायला लागलं. खालच्या काकूंचा फोन मला, भाडेकरूला नाही. भाडेकरू हिंजवडीला, रात्री दहाला घरी येणार. प्लंबर सकाळी अकराच्या आधी येत नाही आणि रविवारी येत नाही. भाडेकरू म्हणतो, "काका, आमच्याकडे तर कोरडंच आहे." बरोबरच आहे, पाणी त्याच्याकडे थोडंच साचतंय! शेवटी त्याच्या शनिवारच्या सुट्टीत फरशी उखडली, वॉटरप्रूफिंग केलं, चार दिवस त्याला मित्राकडे राहायला लावलं आणि ते दिवस भाड्यातून कापून दिले. काकूंच्या छताचा रंगही मीच दिला. दीड वर्षाने डाग परत आला. तोवर भाडेकरू बदललेला, म्हणजे 'कोरडंच आहे'पासून पुन्हा सुरुवात. आता काकूंचं नाव फोनवर दिसलं की उचलण्याआधी मी खुर्चीत बसून घेतो.

त्यात दर ११ महिन्यांनी नवा करार, एजंट, रंग, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती. (११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही असं अजूनही छातीठोकपणे सांगणारे भेटतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची.)

गाळ्यात गळायला काही नाहीच. चार भिंती, शटर, मीटर. आतलं फर्निचर, रंग, दिवे भाडेकरूने स्वतःच केले. टेलरिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक त्या पत्त्याला सरावलंय, त्यामुळे तो सहसा हलणार नाही. करार तीन वर्षांचा, दरवर्षी पाच टक्के वाढ त्यातच लिहिलेली, म्हणून मागायचा संकोच नाही. गेल्या वर्षभरात त्याचा फोन आला तो दिवाळीत, ब्लाउजचं माप द्यायला काकूंना पाठवा म्हणून. या काकू म्हणजे आमची ही.

तुमची परिस्थिती वेगळी असेल, मुलगा पुढे त्या घरात राहणार असेल तर फ्लॅटच घ्या. गाळा बघायला जाल तर मात्र एजंटने बोलावलेल्या सकाळी नको, संध्याकाळी सातला जाऊन अर्धा तास नुसते उभे राहा. समोरून माणसं चालत जातात की गाड्या सुसाट, तेवढं बघा. पायऱ्या चढून जावं लागणारा गाळा स्वस्तात मिळाला तरी मी घेणार नाही.

माझ्या फ्लॅटचा करार मार्चमध्ये संपतोय. एजंटला सांगून ठेवलंय, भाडेकरू बघ, आणि विकत घेणारं कोणी आलं तर तेही कळव.