नवा म्हणून माथी मारलेला एव्ही रिसीव्हर

नवा, सीलबंद आणि कंपनीच्या वॉरंटीसकट म्हणून मला विकलेला एव्ही रिसीव्हर (प्लेअर, टीव्ही आणि स्पीकर जोडणारं, स्पीकरना ताकद देणारं यंत्र) आधी कुणीतरी वापरलेला निघाला. मॉडेल कधीच बंद झालेलं होतं आणि वॉरंटी दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर सुरू झाली होती. पैसे बरेचसे परत मिळाले, पण त्यासाठी जो पाठपुरावा करावा लागला तो आणखी कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे. दुकानाचं नाव देत नाही. ही चलाखी एकाच दुकानात चालत असेल असं मला वाटत नाही. ती कशी चालते हे कळलं तर कुठल्याही दुकानात ओळखता येईल.

मला काय हवं आहे ते मी पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दिलं होतं. सिनेमा आणि गाणी दोन्हींसाठी एकच यंत्र. सिनेमासाठी पाच स्पीकर, एक सबवूफर (खर्जाचा स्पीकर) आणि पुढेमागे छताला आणखी दोन स्पीकर. गाणी मात्र फक्त समोरच्या दोन स्पीकरवर ऐकायची, आणि जमेल तेव्हा त्यांना स्वतंत्र पॉवर ॲम्प्लिफायर द्यायचा, म्हणून समोरच्या चॅनलचे प्री-आउट, म्हणजे बाहेरच्या ॲम्प्लिफायरकडे सिग्नल नेणाऱ्या खोबण्या, हवेत. शिवाय माझ्याकडे 4के डिस्क प्लेअर आहे, त्याचं चित्र रिसीव्हरमधूनच टीव्हीला जायला हवं. विक्रेत्याने कागद वाचला, "सगळं आहे यात, मॅडम," म्हणाला आणि मला थेट डेमोच्या खोलीत नेलं.

त्या खोलीत काय झालं ते मला नीट सांगता येतं, कारण मी फोनवर व्हिडिओ घेत होते. दोन रिसीव्हर शेजारी शेजारी होते, एक मी विचारलेला आणि एक त्याला खपवायचा असलेला. तोच तुकडा आधी याच्यावर, मग त्याच्यावर. दुसऱ्यावर तो वाजायला लागला की आवाज भरीव वाटायचा, संवाद उठून यायचे. व्हिडिओ घरी सावकाश पाहिला तेव्हा दिसलं, की सेट बदलताना विक्रेत्याचा अंगठा दर वेळी रिमोटच्या व्हॉल्यूमवर जात होता आणि दुसऱ्या सेटच्या समोरच्या डिस्प्लेच्या पट्टीवरचा आकडा वर सरकत होता. ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. आवाज एखाद-दुसऱ्या डेसिबलने वाढवला तर कानाला तो मोठा झाल्यासारखा वाटत नाही, तो चांगला झाल्यासारखा वाटतो. दोन सेटची तुलना करायची तर एकाच जागी मीटर धरून दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा लागतो. फोनवरचं मोफत ॲपही त्यासाठी पुरतं, कारण आपल्याला फक्त फरक मोजायचा असतो.

"आता ॲटमॉस ऐका," असं म्हणून त्याने पुढचा तुकडा लावला. ॲटमॉस म्हणजे वरूनही आवाज येतो असं भासवणारी सिनेमाची ध्वनिपद्धत. चारही बाजूंनी आवाज आला. व्हिडिओत सेटची पट्टी स्पष्ट दिसते, आणि तिच्यावर 'मल्टी चॅनल स्टिरिओ' असं आहे. म्हणजे डाव्या-उजव्या चॅनलचा साधा स्टिरिओ आवाजच सगळ्या स्पीकरमधून सोडलेला. खरा ॲटमॉसचा सिग्नल आला की सेट पट्टीवर किंवा माहितीच्या पानावर ते नाव दाखवतोच. खोलीभर आवाज भरला की माणूस भारावतो, आणि पट्टीकडे कुणी बघत नाही.

मग आले वॉट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 7 चॅनल, प्रत्येकी 180 वॉट. तोंडी हिशेब लगेच झाला: "बाराशे साठ वॉट, मॅडम!" माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत मात्र होतं: 6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के विकृती, एकच चॅनल चालू. दहा टक्के विकृती म्हणजे आवाज फाटलेला. त्याच सेटचा दुसरा आकडा त्याखाली होता: 8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, 0.08 टक्के विकृती, दोन चॅनल चालू असताना 90 वॉट. हा खरा आकडा, आणि तोही दोन चॅनलचा. सातही चॅनल एकदम जोरात चालले तर एकाच वीजपुरवठ्यावर भागवायचं असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला याहून बरंच कमी येतं. सेटच्या मागच्या पाटीवर वीजवापर 430 वॉट लिहिलेला होता. तो आकडा ठरावीक चाचणीतला असतो, कमाल मर्यादा नव्हे, हे मान्य. तरी 430 वॉटची पाटी लावलेला सेट 1260 वॉट आवाज देत नाही, एवढं कुणालाही कळावं.

यातली मला सर्वांत चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. 90 आणि 180 वॉट यांतला फरक फक्त 3 डेसिबलचा. ताकद दुप्पट केली की आवाज एवढाच वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. उलट 86 डेसिबल संवेदनशीलतेच्या (तेवढ्याच ताकदीत किती मोठा वाजतो त्याचं माप) स्पीकरऐवजी 89 चा घेतला तर तेवढेच 3 डेसिबल एकही जास्तीचा वॉट न लागता मिळतात. म्हणजे ज्या आकड्याच्या जोरावर गिऱ्हाइकाला वरच्या किमतीचा सेट घ्यायला लावतात तो आकडा खरा असता तरी कानाला फारसा फरक पडला नसता. अशा फुगवलेल्या दाव्यांचा त्रास इतका जुना आहे, की अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनला 1974 मध्येच ॲम्प्लिफायरची ताकद कशी सांगायची याचा नियम करावा लागला.

सेट घरी आला. सील व्यवस्थित होतं, पण पिशवीतली मायक्रोफोनची वायर रबरबँडने गुंडाळलेली होती. खोलीची चाचणी घेणारा हा छोटा मायक्रोफोन कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्या वायरला बहुधा कारखान्याचीच बारीक तार असते. सेट चालू केला. नवा रिसीव्हर पहिल्यांदा चालू झाला की बहुधा भाषा विचारतो, स्पीकर जोडायला मदत करतो. हा सरळ चालू झाला आणि पट्टीवर नाव आलं: 'बेडरूम टीव्ही'. एका इनपुटला कुणीतरी हे नाव दिलेलं होतं. स्पीकरच्या अंतरांच्या पानावर सगळे आकडे भरलेले, मधला स्पीकर 3.2 मीटरवर. माझ्या घरी त्या क्षणी एकही स्पीकर जोडलेला नव्हता. ब्लूटूथच्या यादीत एका अनोळखी माणसाचा फोन. मागच्या बाजूला टॉर्च मारला तर डाव्या स्पीकरच्या खिट्टीजवळ तांब्याच्या वायरीचे ओरखडे, आणि एचडीएमआयच्या खोबणीच्या कडेला घासल्याची चकाकी.

खोक्यावरचा अनुक्रमांक आणि सेटच्या पाटीवरचा अनुक्रमांक जुळत नव्हते. मॉडेल क्रमांकही जुळत नव्हता, शेवटचा एक आकडा वेगळा. विक्रेत्याने मला समीक्षा वाचून दाखवली ती नव्या मॉडेलची, खोकं नव्या मॉडेलचं आणि आत सेट काही वर्षांपूर्वीचा. बिलावर नुसतं कंपनीचं नाव आणि 'एव्ही रिसीव्हर 7.2' एवढंच. बिल असं मोघम का केलं होतं, ते तेव्हा लक्षात आलं.

जुन्या मॉडेलचे परिणाम लगेच दिसले. 4के डिस्क लावली तर टीव्हीवर चित्र 1080पीच, म्हणजे 4केपेक्षा कमी बारकाव्याचं. या डिस्क आणि बहुतेक 4के स्ट्रीमिंगसाठी प्लेअर, रिसीव्हर आणि टीव्ही अशा साखळीतल्या प्रत्येक यंत्रात एचडीसीपी 2.2, म्हणजे नक्कल रोखणारी संरक्षण प्रणाली, लागतं. एकात जरी नसलं तरी चित्र खालच्या दर्जाचं येतं किंवा येतच नाही. 2014 च्या सुमारास असे बरेच रिसीव्हर निघाले ज्यांच्यावर एचडीएमआय 2.0 आणि 4के लिहिलेलं होतं, पण एचडीसीपी 2.2 नव्हतं. 4के ब्लू-रे डिस्क बाजारात आल्या 2016 मध्ये. "सॉफ्टवेअर अपडेट आला की चालेल," असं मला फोनवर सांगण्यात आलं. ही शुद्ध थाप होती. माझ्या सेटमध्ये त्यासाठी लागणारी चिपच नव्हती, आणि अपडेटने चिप बदलत नाही.

प्री-आउट? मागे 'प्री-आउट' असं ठळक छापलेलं होतं खरं, पण त्या चौकटीत दोनच खोबण्या होत्या आणि दोन्ही सबवूफरच्या. समोरच्या चॅनलच्या नव्हत्याच. नावातला '.2' त्या दोन खोबण्यांचाच, आणि दोन्हींतून सिग्नल एकच निघतो. छताच्या स्पीकरबद्दल "7.1 अधिक वरचे दोन" असं सांगितलं होतं, पण सात चॅनलच्या ॲम्प्लिफायरवर एका वेळी 7.1 (सात स्पीकर, एक सबवूफर) चालतं किंवा 5.1.2 (पाच स्पीकर, एक सबवूफर, छताचे दोन). दोन्ही एकत्र हवं तर नऊ चॅनल लागतात. 'एआरसी आणि ईएआरसी एकच' हेही खोटं. टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून रिसीव्हरकडे आणायच्या या दोन वेगळ्या सोयी. एआरसीवर स्ट्रीमिंगमधला दाबलेला ॲटमॉस येऊ शकतो, पण डिस्कवरचा ट्रूएचडी, म्हणजे गुणवत्ता न घटवलेला आवाज, टीव्हीमार्गे आणायचा तर ईएआरसीच लागतं.

गाण्यांचं मात्र वेगळं सांगायला हवं. दोन स्पीकरवर, सगळ्या प्रक्रिया बंद करून तंबोरा ऐकला, तर जवारी छान ऐकू येत होती. सेट वाजायला वाईट नव्हता. कुणी मला हा 'वापरलेला, जुनं मॉडेल' असं सांगून त्या भावात दिला असता तर निदान विचार तरी केला असता.

दुकानात फोन केला तेव्हा उडवाउडवी सुरू झाली. आधी म्हणाले, कंपनीत तपासणीसाठी चालू करतात, त्यात नावं राहून जातात. मग ब्लूटूथमधल्या फोनबद्दल विचारलं तर खापर गोदामावर फोडलं. मग म्हणाले, सील तुम्ही फोडलंत, आता परत कसं घेणार? मी वाद घालणं थांबवलं आणि पाटीवरचा अनुक्रमांक निर्मात्या कंपनीच्या सेवा विभागाला ईमेलने पाठवला. उत्तर लेखी आलं: हा सेट वेगळ्या प्रदेशासाठी बनवलेला आहे, उत्पादन बंद आहे, आणि या क्रमांकाची वॉरंटी पूर्वीच नोंदवली गेली आहे. या एका ईमेलने जे झालं ते माझ्या सगळ्या फोननी झालं नव्हतं. ते पत्र, दोन्ही अनुक्रमांकांचे फोटो, पट्टीवरच्या 'बेडरूम टीव्ही'चा फोटो आणि डेमोचा व्हिडिओ, असं सगळं जोडून लेखी तक्रार दिली आणि कार्डाच्या बँकेलाही कळवलं. त्यानंतर दुकानाने सेट परत घेतला. सोन्याचा मुलामा दिलेल्या एचडीएमआय केबलचे आणि 'इन्स्टॉलेशन'चे पैसे मात्र बुडाले. त्या केबलने चित्र तसूभरही सुधारलं नव्हतं. एचडीएमआयमधून जातो तो डिजिटल सिग्नल. केबल त्या वेगासाठी प्रमाणित असली की झालं, सोन्याने त्यात रंग भरत नाही.

पुढची गोष्ट घडली नसती तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला: "ताई, रिसीव्हर घेतोय, एकदम सीलबंद आहे." दुकान तेच. मी म्हटलं, आवाज नंतर ऐक, आधी सेट खोक्यातून काढायला लाव आणि मागच्या पाटीचा फोटो पाठव. फोटो आला. अनुक्रमांक माझ्या ईमेलमधला होता आणि डाव्या खिट्टीजवळचे ओरखडेही तिथेच होते.

मी त्याला सांगितलं, त्यांच्याकडे बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक आणि 'नवीन, न वापरलेला' हे शब्द माग. त्याने मागितले. "बिलावर असं लिहायची पद्धत नाही," असं उत्तर मिळालं, आणि तो बाहेर पडला. नंतर त्याने दुसरीकडे कंपनीनेच दुरुस्त करून विकायला काढलेला रिसीव्हर घेतला. तसं बिलावर स्वच्छ लिहून, कमी वॉरंटीसह आणि कमी भावात. त्यात समोरच्या चॅनलचे प्री-आउट आहेत, तीन इनपुटवर एचडीसीपी 2.2 आहे, आणि चालू केल्यावर त्याने सगळ्यात आधी भाषा विचारली.