पावसाळ्याच्या तोंडावर विकली जाणारी ‘फॉगप्रूफ’ नाइट व्हिजन

एप्रिल-मे महिन्यात कुणी तुम्हाला ‘नायट्रोजन भरलेली, शंभर टक्के फॉगप्रूफ’, म्हणजे आतून वाफ न धरणारी, अंधारात पाहायची नाइट व्हिजन दुर्बीण विकत असेल, तर आधी हे वाचा आणि मग पैसे द्या. घाटमाथ्यावर रात्री बेडूक-साप पाहायला जाणारे, भाताची रानडुकरांपासून राखण करणारे, कोकणात होमस्टे चालवणारे असे बरेच जण याच दिवसांत ही वस्तू शोधत असतात, आणि विकणाऱ्यांना ते नेमकं माहीत असतं. कोरड्या हवेत ही फसवणूक उघडी पडत नाही. ती उघडी पडते मृगाच्या पावसात. तोवर सात दिवसांची परतीची मुदत केव्हाच संपलेली असते. हा सगळा धंदा त्या मधल्या काळावर उभा आहे.

मी आंबोलीच्या परिसरात पावसाळ्यात माणसांना रात्रीच्या फेरीला नेतो. इथे सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, उथळ डबक्यांत पहिल्या पावसाबरोबर आंबोली टोडचं मीलन सुरू होतं. २००९ साली शास्त्रीय नोंद झालेला हा छोटा भेक जगात फक्त याच भागात सापडतो. दहा जणांचे दहा टॉर्च त्याच्यावर पडले की नर ओरडायचे थांबतात, जोड्या सुटतात. म्हणून पांढऱ्या उजेडाशिवाय दुरून पाहता येईल असं काहीतरी मला हवं होतं. नाइट व्हिजन मोनोक्युलर, म्हणजे एका डोळ्याने पाहायची दुर्बीण, हा त्यावरचा योग्य उपाय आहे, आणि आजही माझं मत तेच आहे. फसवणूक त्या तंत्रात नव्हती, विकणाऱ्यात होती.

जाहिरातीत लिहिलं होतं: आयपी६७, नायट्रोजन पर्ज्ड, अँटीफॉग, थर्ड जनरेशन. मी फोन करून मुद्दाम विचारलं की आमच्याकडे जूनपासून हवेत पंच्याण्णव टक्के आर्द्रता असते, कित्येक दिवस ढग घरात शिरतात, तिथे चालेल का? “सर, आर्मी ग्रेड आहे. चेरापुंजीला वापरतात लोक,” असं उत्तर मिळालं. हेच मी व्हॉट्सअॅपवर लिहून मागितलं आणि त्याने लिहूनही दिलं. साडेबावीस हजार रुपये भरले. मे महिन्यात दुर्बीण उत्तम चालली. अंगणातलं उदमांजर स्वच्छ दिसलं.

जून लागला, पाऊस स्थिरावला आणि पुढच्या भिंगाला आतून वाफ धरली. बाहेरून धरलेलं बाष्प कापडाने पुसलं की जातं, हे पुसून जाईना. आधी कडेला चंद्रकोरीसारखा पट्टा आला, मग सगळं भिंग दुधाळ झालं. त्यात या दुर्बिणीचा इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या उजेडाचा, दिवा लावला की समोरचं रान जाऊन पडद्यावर नुसता पांढरा पडदा उरायचा.

हे का होतं ते समजून घ्या, कारण दुकानदार नेमका या अज्ञानावर बोलतो. चोवीस अंशांच्या हवेत पंच्याण्णव टक्के आर्द्रता असेल तर काच एका अंशाने थंड झाली तरी तिच्यावर दव धरतं. उघड्या आभाळाकडे रोखलेलं भिंग रात्री आसपासच्या हवेपेक्षा थंड होतं, त्यामुळे बाहेरून बाष्प धरणं कुणालाच पूर्ण टाळता येत नाही. आतून धरणं मात्र टाळता येतं, आणि ‘फॉगप्रूफ’ म्हणून जे जास्तीचे पैसे घेतात ते यासाठीच. कारखान्यात आतली दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन भरतात आणि रबरी कड्यांनी, म्हणजे ओ-रिंगांनी, सगळे सांधे बंद करतात. नायट्रोजनमध्ये जादू नाही. आपल्या हवेत तो ७८ टक्के असतोच. महत्त्व आहे त्याच्या कोरडेपणाला आणि तो कोरडेपणा टिकवणाऱ्या सीलला. सील नसेल तर आत काय भरलं होतं याला काहीच अर्थ राहत नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की वॉरंटीत ‘पाणी व ओलावा यांमुळे झालेलं नुकसान’ बसत नाही. जी वस्तू ओलाव्यात चालते म्हणून विकली, तिची ओलाव्याचीच तक्रार ते वॉरंटीबाहेर ठरवत होते. त्याचाच संदेश त्याला पुन्हा पाठवला, तर त्याने नंबर ब्लॉक केला.

पुढची फसवणूक दुरुस्तीची. मुंबईतल्या एका दुरुस्तीवाल्याने ‘मशीनवर नायट्रोजन पर्जिंग करून देतो’ म्हणत साडेतीन हजार घेतले. दुर्बीण परत आली, सोबत ‘नायट्रोजन रिफिल्ड’ असं स्टिकर. पहिल्याच पावसाळी रात्री पुन्हा तीच वाफ. मग सावंतवाडीला सर्व्हेची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या एका जाणत्या कारागिराकडे नेली. लेव्हल, थिओडोलाइट यांत आयुष्य गेलेला माणूस. त्याने माझ्यासमोर ती उघडली आणि म्हणाला, “ह्यात रबरच नाय, पाणी थांबतला कसा?”

खरंच नव्हतं. पुढच्या भिंगाभोवती नुसता फेव्हिक्विकसारखा गोंद फिरवलेला. बॅटरीच्या झाकणाला सील म्हणून फोमची पट्टी. चार्जिंगच्या खाचेमागे गरम गोंदाचा गोळा, तोही एका बाजूने सुटलेला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नायट्रोजन भरायला त्या दुर्बिणीला भोकच नव्हतं. खऱ्या पर्जिंगच्या दुर्बिणीत त्यासाठी बारीक स्क्रू किंवा व्हॉल्व्ह असतो, तिथून कोरडा वायू सोडून जुनी हवा बाहेर घालवतात आणि मग गळती तपासतात. मुंबईवाल्याने काहीही भरलेलं नव्हतं, कारण ते शक्यच नव्हतं. कुणी रिफिलचे पैसे मागितले तर त्याला आधी विचारा, ‘भरणार कुठून ते दाखवा.’

त्या कारागिरानेच मला एक चाचणी शिकवली, आणि माझ्या मते ती प्रत्येकाने पार्सल फोडल्याच्या दिवशी करावी. दुर्बीण बंद ठेवून तासभर खोलीच्या तापमानाला राहू द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे घाला, पिशवी बाहेरून कोरडी करा आणि पुढच्या काचेवर पाच-दहा मिनिटं हलकेच टेकवून ठेवा. मग काच मायक्रोफायबरने पुसा आणि लगेच टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघा. बाहेरचं बाष्प पुसलं जाईल. पुसल्यावरही बर्फाच्या जागी धूसर डाग उरला तर तो आतून आहे, म्हणजे आत कोरडा वायू नाही, साधी हवा आहे. खरा कोरडा नायट्रोजन असेल तर शून्य अंशालाही आत काही धरत नाही. आपल्याकडची साधी हवा मात्र, अगदी एप्रिलच्या पुण्यातली असली तरी, शून्याच्या बऱ्याच आधी दव सोडते. म्हणूनच ही चाचणी उन्हाळ्यातही चालते आणि त्यांचा मुदतीचा खेळ मोडते. पार्सल फोडण्यापासून डाग दिसेपर्यंत सलग व्हिडिओ घ्या. पाण्यात बुडवून मात्र बघू नका, त्याने विक्रेत्याच्या हाती आयतं कारण मिळतं.

आता जाहिरातीतल्या शब्दांबद्दल. आयपी६७ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ७ म्हणजे एक मीटरपर्यंत पाण्यात तीस मिनिटं टिकते. आयपीएक्स४ असेल तर फक्त शिंतोड्यांपासून संरक्षण. यातला कुठलाही आकडा आतल्या हवेच्या कोरडेपणाबद्दल काही सांगत नाही, त्यामुळे आयपी दाखवून फॉगप्रूफ म्हणणं हीच मुळात बनवाबनवी आहे. ‘थर्ड जनरेशन’ तर उघड खोटं. ते नाव गॅलियम आर्सेनाइडच्या फोटोकॅथोडवर (उजेड पडला की इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या थरावर) चालणाऱ्या प्रतिमावर्धक, म्हणजे अंधूक उजेड वाढवून दाखवणाऱ्या, नळीचं आहे, आणि अमेरिकेतून ती बाहेर जायला सरकारी परवाना लागतो. साडेबावीस हजारात मिळते ती डिजिटल वस्तू, म्हणजे कॅमेऱ्याचा सेन्सर आणि ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड दिवा. डिजिटल वाईट नाही, माझ्या कामाला ती पुरेशी आहे. पण जो एका शब्दाबद्दल खोटं बोलतो तो बाकीच्या शब्दांबद्दलही बोलणार.

दुर्बिणीबरोबर ‘नॅनो अँटीफॉग’ची बाटलीही गळ्यात मारतात. असे बरेच द्रव साबणाच्या जातीचेच असतात. बाहेरच्या काचेवर पाणी थेंबांऐवजी पातळ थरात पसरतं, एवढाच त्यांचा उपयोग, तोही थोडा वेळ. आतल्या बाष्पाला ते काही करत नाहीत. काही जण टूथपेस्ट लावायला सांगतात, ती तर काचेवरचा लेप खरवडते. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्लाही सोडून द्या, तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही आणि त्याची पूड फटींत जाते.

सील चांगलं असेल तर बाकी सवयींचं काम आहे. एसी गाडीतून उतरल्यावर दुर्बीण बंद झिपच्या पिशवीतच अर्धा तास राहू द्या, ती बाहेरच्या हवेइतकी उबदार झाली की मगच काढा. पुढे भिंगाला लांब टोपण म्हणजे हूड लावा, आभाळाकडे रोखून ठेवू नका, बघत नसाल तेव्हा झाकण घाला. रेनकोटच्या आत छातीशी धरू नका, तिथे घामाची वाफ असते. बॅटरी घरात किंवा गाडीत बदला, भर धुक्यात झाकण उघडलं की तीच हवा आत कोंडली जाते. पडदा पांढरा झाला तर आधी इन्फ्रारेड दिवा कमी करून बघा, कारण पुष्कळदा तो हवेतल्या धुक्याच्या थेंबांवरून परतलेला उजेड असतो. घरी हवाबंद डब्यात नारिंगी सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. चाळीस ते पन्नास टक्के असू द्या. साठच्या वर गेलं की भिंगाला बुरशी धरायची भीती. जेल हिरवी झाली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवली की पुन्हा चालते.

तक्रारीचं सांगतो. ऑनलाइन घेतलेली वस्तू सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळी निघाली तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नाकारता येत नाही, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट आहे. त्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्यात निकाल लावावा असंही त्यात आहे. मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर विक्रेत्याने निम्मे पैसे देऊ केले, अट ही की मी कुठेही काही लिहायचं नाही. मी नकार दिला. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तो करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. त्या कारागिराने उघडलेल्या दुर्बिणीचे फोटो आणि त्याचं सहीचं पत्र मी जोडलंय. पण सगळ्यात वजन आहे ते व्हॉट्सअॅपवरच्या ‘चालेल’ या लेखी उत्तराला. तुम्हीही खरेदीआधी तेच लिहून घ्या.

तोच विक्रेता दुसऱ्या नावाने पुन्हा विकतो आहे. खोक्यावर आयातदाराचं नाव आणि पत्ता नाही, मूळ देश लिहिलेला नाही, बिलावर मॉडेल क्रमांकाऐवजी नुसतं ‘ऑप्टिकल आयटम’ असतं, आणि वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरात ओलाव्याची ती ओळ. हे चार दिसले तर पार्सल तिथेच परत पाठवा.