लेबलावर लेबल : ब्रश कटरच्या खरेदीत गेलेले 22,550 रुपये

मी बँकेत 34 वर्षे नोकरी केली आणि त्यातली शेवटची 11 वर्षे धनादेश तपासण्यात घालवली. आकड्यावरची खाडाखोड, वेगळ्या शाईने ओढलेली एखादी रेघ, सहीतला किंचित फरक हे हेरण्याचाच मला पगार मिळत होता. त्याच मला 24 जून 2024 रोजी, दिवसाउजेडी, चष्मा डोळ्यांवर असताना, एका खोक्यावर चिकटवलेले लेबल दिसले, त्याच्या कडेखालून डोकावणारे दुसरे लेबलही दिसले, आणि तरीही मी खिशातून नोटा काढून मोजून दिल्या. हे लिहिताना आजही कान गरम होतात. पण पावसाळा आला की आमच्या ओळखीतले दोघे-तिघे तरी गवत कापण्याचे यंत्र घ्यायला बाजारात जातात, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहीत आहे.

इंदूरबाहेर खंडवा रस्त्यावर सिमरोल गावाच्या अलीकडे आमची पाऊण बिघा जागा आहे. तिथे पेरूची तीस झाडे आहेत आणि आषाढ लागला की कमरेएवढे गाजरगवत असते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर सांगतील तो दर द्यावा लागतो. तेव्हा पेट्रोलवर चालणारा, खांद्याला अडकवायचा ब्रश कटर घ्यावा असे ठरले. सूनबाईने एका मोठ्या साखळी दुकानात चौकशी करून ठेवली होती. नामांकित कंपनीचे 35 सीसीचे फोर-स्ट्रोक यंत्र, पक्के बिल, एक वर्षाची हमी, किंमत 22,990 रुपये. मी ते मोडीत काढले.

त्याला कारण होते, आणि ते कारण मला आजही चुकीचे वाटत नाही. तीन वर्षांपूर्वी अशाच एका मोठ्या दुकानातून मी गाडी धुण्याचा प्रेशर वॉशर घेतला होता. तो महिन्याभरात बंद पडला तेव्हा काउंटरवरच्या मुलाने मला एक टोल फ्री क्रमांक दिला आणि दुरुस्ती होऊन यायला 26 दिवस लागले. तिथल्या विक्रेत्याला टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक यांतला फरक विचारा, तो खोक्यावरचे वाचून दाखवील. उलट छोट्या दुकानाचा मालक स्वतः यंत्र उघडतो, दोरी तुटली तर समोर बसवून देतो, ओळख ठेवतो. इंदूरमध्ये वाढलेल्या माझ्या पिढीला सियागंज बाजाराच्या गल्ल्यांची हीच सवय आहे. छोट्या दुकानदारावर विश्वास ठेवण्यात माझी चूक झाली नाही. चूक झाली ती समोरचा माणूस खरोखर तसा दुकानदार आहे की नाही हे न पाहण्यात.

मी ज्या छोट्या दुकानात गेलो त्याचे नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. पस्तिशीचा माणूस होता. मी हिंदीत विचारले, पण माझे आडनाव कळताच त्याने मराठीत सुरुवात केली: "या काका, बसा. अहो, आमची आजी रामबागेतलीच." रामबाग म्हणजे इंदूरची जुनी मराठी वस्ती. इतक्या गजबजाटात कोणी मराठीत बसायला सांगितले की आमच्यासारख्यांचे अर्धे काम तिथेच होते, आणि हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्याने 52 सीसीचे टू-स्ट्रोक यंत्र दाखवले. "काका, 35 सीसीने तुमचे गाजरगवत निघणार नाही. हे बुदनी-टेस्टेड आहे." सीहोर जिल्ह्यातल्या बुदनीला शेतीची यंत्रे तपासणारी केंद्र सरकारची संस्था आहे हे मला माहीत होते, त्यामुळे मी लगेच प्रभावित झालो. तपासणी अहवालाची प्रत मागितली तर म्हणाला, "पीडीएफ पाठवतो ना." तो पीडीएफ अजून यायचा आहे. अहवाल विशिष्ट मॉडेलचा असतो, दुकानाचा नसतो. जो समोर कागद ठेवत नाही त्याच्याकडे कागद नाही असेच समजावे.

सांगितलेली किंमत 18,500 होती, ती 17,200 वर आली. 3,000 रुपये मी यूपीआयने दिले आणि उरलेले 14,200 रोख दिले, कारण "पक्के बिल घेतले तर टॅक्स लागेल, काका" हे नेहमीचे वाक्य त्याने टाकले आणि माझ्यासारख्या बँकेच्या माणसाने ते गिळले. यूपीआयवर नाव दुकानाचे नव्हते, कोणा बाईचे होते. हातात पडले ते "एस्टिमेट" असे छापलेले गुलाबी पान आणि त्यावर एक शिक्का.

आता त्या खोक्याबद्दल. बाहेर एक चकचकीत लेबल होते: 52 सीसी, कंपनीचे इंग्रजी नाव, कमाल किंमत 24,500. त्याचा खालचा उजवा कोपरा उचलला गेला होता आणि त्याखाली करड्या रंगाचे जुने लेबल होते. त्यावरची अक्षरे मी वाचली. "1ई40एफ". मी बोट ठेवून विचारलेसुद्धा, "हे काय?" तो न अडखळता म्हणाला, "कारखान्याचा मॉडेल नंबर, काका," आणि बोलता बोलताच त्याने अंगठ्याने तो कोपरा दाबून बसवला. तो अंगठा मला अजून दिसतो. एखाद्या खातेदाराने माझ्यासमोर धनादेशावरचा आकडा असा अंगठ्याखाली झाकला असता तर मी त्याला केबिनमध्ये बसवून ठेवले असते. इथे मात्र त्याने लगेच दोरी ओढली, पहिल्याच झटक्यात यंत्र सुरू झाले, निळा धूर निघाला आणि मी लहान मुलासारखा खूश झालो. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का होता, अनुक्रमांकाची जागा कोरी होती. तीही मी कोरीच घरी आणली.

आयात केलेल्या बंद मालावर आयातदाराचे नाव व पत्ता, मालाचा मूळ देश, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापणे 2011 च्या वेष्टित वस्तू नियमांनुसार बंधनकारक आहे. वरच्या लेबलावर आयातदाराचा पत्ता नव्हता. तो खालच्या लेबलावर असणार, म्हणूनच ते झाकले होते, हे मला पुढे दीड महिन्याने सुचले.

यंत्र सहा वेळा वापरले. चौथ्या वेळी ते दम तोडू लागले तेव्हा त्याने "आजकालच्या पेट्रोलात इथेनॉल असते" असे सांगून कार्ब्युरेटर साफ केला आणि हमीच्या काळातही 850 रुपये घेतले. 10 ऑगस्टला ते धापा टाकत थांबले आणि दोरी ओढली तर ती हलेना. लोडिंग रिक्षा करून यंत्र दुकानात नेले. त्याने प्लग काढून आत पाहिले आणि मराठी सोडून हिंदीत म्हणाला, "अंकल, ऑइल कम डाला आपने." विकताना यानेच मला एक लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर टू-टी तेल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलात मिसळायचे तेल) सांगितले होते, म्हणजे 50 ला 1 हे प्रमाण. सोबतच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात 25 ला 1 होते, म्हणजे लिटरला 40 मिलिलिटर. पुस्तिका मी वाचली नव्हती, कारण सांगणारा माणूस समोर होता. तेलाचे प्रमाण दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या आणि त्याखाली सही घ्या. तो कुरकुरला तर उठा.

यंत्र त्याच रिक्षातून परत आणले, जाण्या-येण्याचे 900 रुपये गेले. मग भंवरकुआंच्या बाजूला राहणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रीने 400 रुपये घेऊन ते उघडले. पिस्टन सिलिंडरला घासून चिकटला होता, त्यावर उभ्या खोल रेघा होत्या. त्यांनी वर्निअर लावून पिस्टनचा व्यास मोजला आणि हसले. "साहेब, 40 मिलिमीटर आहे." या चिनी इंजिनांच्या नावातच सगळे लिहिलेले असते. 1ई40एफ म्हणजे एक सिलिंडर आणि 40 मिलिमीटर व्यास. 34 मिलिमीटरचा स्ट्रोक धरला की घनफळ येते 42.7 सीसी. 52 सीसी म्हणून विकले जाते ते 1ई44एफ, म्हणजे 44 मिलिमीटर व्यास आणि 51.7 सीसी. ज्या अक्षरांवर मी बोट ठेवले होते तीच अक्षरे खरे बोलत होती, आणि त्यांच्यावर त्याने अंगठा ठेवला होता. तसेच दिसणारे, त्याच कोडचे यंत्र सूनबाईने मोबाईलवर दाखवले: 8,499 रुपये, घरपोच. ती दुसरे काही बोलली नाही. तिने बोलायला हवे होते, ते सोपे गेले असते.

गुलाबी पानावरच्या शिक्क्यातला जीएसटी क्रमांकही तेव्हाच नीट पाहिला. हा क्रमांक 15 अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन अंक राज्य सांगतात. मध्य प्रदेशचे 23. याच्यावर 24 होते, म्हणजे गुजरात. पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द झालेली दिसली. हे तपासायला मला दोन मिनिटे लागली. खरेदीपूर्वी तपासला असता तरी दोनच मिनिटे लागली असती.

यानंतर मी जे फिरलो ते ऐका. पहिल्या पोलीस ठाण्यात सांगितले की दुकान आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्यात सांगितले की तुम्ही राहता तिथे जा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते, हे मी छापून नेले होते. साहेबांनी तो कागद पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर पेपरवेट ठेवला आणि म्हणाले, "अंकल, ये सिविल मैटर है." माझ्या अर्जावर पोच मिळायला तीन फेऱ्या लागल्या. कर खात्याच्या कार्यालयात मी रद्द झालेल्या क्रमांकाची तक्रार केली तर उत्तर मिळाले की तो क्रमांक गुजरातचा आहे, तेव्हा गुजरातला लिहा. मी म्हटले, दुकान तर इथे आहे, तुमच्या खिडकीतून हाक मारली तर ऐकू जाईल. त्यावर त्यांनी पक्के बिल मागितले. अहो, पक्के बिल दिले नाही हीच तर तक्रार होती! नापतौल विभागात, म्हणजे वजनमापे तपासणाऱ्या खात्यात, सांगितले की खोके उघडलेले आहे, त्यामुळे लेबल कोणी बदलले हे सिद्ध होत नाही. पाहणीला जाऊ म्हणाले. गेले की नाही हे मला कळलेले नाही, कारण ते सांगण्याची जबाबदारी कोणाची याचेही उत्तर त्या कार्यालयात दोन टेबलांवर दोन मिळाले. प्रत्येक ठिकाणी माझ्याकडे पाहण्याची नजर एकच होती: शिकलेसवरलेले आहात, कच्चे बिल घेतलेतच कशाला? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो. तो विचारायला मला सरकारी नोकर नको आहेत.

शेवटी 9 ऑक्टोबर 2024 रोजी ग्राहक आयोगात तक्रार केली. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. ही सोय खरी आहे, ती वापरा, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत वापरा. मालाची चाचणी आवश्यक असेल तर समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे त्याच कायद्यात लिहिले आहे. नोटीस नोव्हेंबरमध्ये पोचली. समोरच्या वकिलाने आधी मुदत मागितली, मग पुन्हा मुदत मागितली, आणि मग असा मुद्दा काढला की यंत्र शेतीसाठी घेतले म्हणजे ते व्यापारी कारणासाठी घेतले, तेव्हा मी ग्राहकच नाही. तीस झाडांचे पेरू मी आजवर नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना वाटले आहेत. आता त्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले. पाच महिने केव्हाच उलटून गेले. प्रयोगशाळेच्या चाचणीची फीसुद्धा आधी मलाच भरायची आहे.

हिशेब असा. यंत्र 17,200, कार्ब्युरेटर 850, मिस्त्री 400, रिक्षा 900, आणि उभे राहिलेले गवत शेवटी मजुरांकडून काढून घेतले त्याचे 3,200. एकूण 22,550. मोठ्या दुकानातल्या यंत्रापेक्षा हे 440 रुपयांनी कमी आहे. माझी बचत ती एवढीच.

भंवरकुआंच्या मिस्त्रींनी मात्र मला एक गोष्ट सांगितली जी सूनबाईला पटली. दुकान छोटे असो की मोठे, आत जाऊन विचारा की या यंत्राचा कार्ब्युरेटरचा पडदा, क्लच आणि दोरीची स्प्रिंग आत्ता दाखवा. ज्याच्या फळीवर हे सुटे भाग आहेत तो विकल्यानंतरही तुमचा आहे. माझ्या माणसाच्या फळीवर रिकामी खोकी रचलेली होती, आणि मला ती भरलेली वाटली. मोठ्या दुकानात हे भाग मिळणारच नाहीत, पण तिथे माल परत घेण्याचे दिवस बिलावर छापलेले असतात. निदान कागद तरी भांडतो.

यंत्र आता पुरावा आहे, त्यामुळे ते भंगारात देता येत नाही. व्हरांड्यात पोत्यात बांधून उभे आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्याबद्दल विचारतो. त्या दुकानाच्या क्रमांकावरून दर सोमवारी माझ्या मोबाईलवर संदेश येतो, वर गणपतीचे चित्र आणि खाली मजकूर: पावसाळी सवलत, 52 सीसी ब्रश कटर, फक्त 16,900. मी प्रत्येक संदेश तारखेसह छापून फायलीत लावतो.